माझ्या ठशातली रिकामी जागा

“बाबा, त्या दिवशी आपली गाडी का घसरली?”

मित्रांनो, प्रश्न एवढाच होता. पण तो घरात विचारला जावा म्हणून विचारणाऱ्या मुलीच्या मैत्रिणींना पैज लावावी लागली. वर्गात सरांशीही वाद घालतेस ना, मग घरी विचारून दाखव, असं त्यांनी तिला शाळेच्या फाटकापाशी डिवचलं होतं. अलीकडे तिला बोलायचा असा काही धीर आला होता, की सगळ्या तिला वकीलबाईच म्हणायला लागल्या होत्या. वकीलबाई कसल्या माघार घेतात! अंगणात पिकअपशी वाकून नट आवळणाऱ्या बाबांना तिने उभ्या उभ्या विचारून टाकलं.

बाबांच्या हातातला पाना थांबला. तो माझ्याच नटावर होता, म्हणून मला पक्कं ठाऊक आहे. मान वर न करता ते म्हणाले, “रस्ता ओला होता. आणि ती पोरगी उभी होती.” मग त्यांनी तो नट असा करकचून आवळला, की जणू पुन्हा कधी सोडवायचाच नव्हता.

मी त्या पिकअपचा मागचा, डाव्या अंगाचा टायर. मड टायर, म्हणजे चिखलाचा टायर. ‘ती पोरगी’ म्हणजे भिंगरी, वकीलबाईची मैत्रीण. ती उभी नव्हती. हे मी इतक्या खात्रीने कसा सांगतो, ते कळायला तुम्हाला माझी सगळी हकिगत ऐकावी लागेल.

माझा जन्म कारखान्यातला. रबर, काजळी आणि पोलादाच्या बारीक तारा यांचं एक ओबडधोबड कडं करून मला साच्यात घातलं, साचा मिटला आणि अशी काही वाफ सोडली की मी बोंबच मारली असती, पण तोंड कुठे होतं? बाहेर आलो तेव्हा अंगभर रबराचे केस ताठ उभे होते. पाठीवर मोठमोठे गट्टू आणि दोन गट्टूंमध्ये आख्खं बोट बुडेल एवढी खाच. त्या खाचांचा मला भारी गर्व. चिखलात शिरायचं तर खाचा अशाच ऐसपैस लागतात. फिरता फिरता त्या चिखल मागे भिरकावतात आणि पुन्हा मोकळ्या होतात.

टायरच्या दुकानात माझ्या शेजारी एक ऑल-टेरेन टायर होता. सगळ्या रस्त्यांवर चालणारा, म्हणून त्याचं नाव तसं. त्याचे गट्टू लहान, एकमेकांना चिकटून बसलेले, वर बारीक चिरा. मला तो अगदीच मवाळ वाटायचा. असल्या चिरांनी काय होणार, असं मी मनातल्या मनात त्याला हिणवत असे.

एक दिवस मालक आले, म्हणजे वकीलबाईचे बाबा. दुकान चालवणाऱ्या मामांनी आधी त्यांची रोजची वाट विचारून घेतली. वस्तीपासून डांबरीपर्यंत चार किलोमीटर काळी चिकण माती, पुढे शाळेपर्यंत तीस किलोमीटर डांबर. सकाळ-संध्याकाळ मागच्या बाकांवर वस्तीतली दहा-बारा मुलं, दुपारी वखारीच्या फळ्या. मामांनी दुसरा विचारच केला नाही. त्या मवाळ टायरला त्यांनी पुढे ढकललं.

मालकांनी त्याला पायाने मागे सारलं. “हेच होते माझ्या गाडीला.”

मग त्यांनी सांगितलं. आदल्या वर्षी त्यांच्या धाकट्या भावाला दम्याचा झटका आला. त्याला घेऊन निघाले आणि त्या चार किलोमीटरमध्येच गाडी रुतली. बारीक खाचांमध्ये चिकण माती अशी गच्च बसली, की टायर गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरत राहिले. दोन तासांनी ट्रॅक्टर आला. नशिबाने भावाचा श्वास तेवढा थांबला नाही. हे सांगताना मालक मामांकडे बघत नव्हते. माझ्या अंगावरचे रबराचे केस ते एकेक करून उपटत होते.

मामांनी तोंड उघडलं. ओल्या डांबरावर मड टायर कसा वागतो, ते त्यांना सांगायचं होतं. पण समोरचा चेहरा बघून त्यांनी ते तसंच गिळलं आणि जॅक काढला. मीही तेव्हा छाती फुगवून बसलो होतो. आपली निवड झाली, एवढंच मला कळत होतं.

पहिल्या वर्षी माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! त्या काळ्या मातीतून मी गाडी अशी ओढून काढायचो, की बाकावरची पोरं टाळ्या पिटायची. गाडी उभी केली की मालक माझ्या अंगावर थाप मारायचे, काडीने खाचांमधले खडे काढायचे. रुतायच्या त्या जागेवरून गाडी पुढे गेली की दर वेळी त्यांचे खांदे जरा खाली यायचे. ते मला वजनावरून कळायचं. मित्रांनो, गाडीखालून टायरला वरचं दिसत नाही, पण भार कळतो. कोण कुठे बसलंय, कोण सरकलं, कोण उठलं, सगळं कळतं.

आणि डांबरावर? डांबरावर मी घुमायचो. लांबूनच असा हूं-हूं आवाज यायचा, की कडेच्या शेतांतली माणसं न बघताच आमची गाडी ओळखायची. भिंगरी त्या आवाजाला सूर धरून गाणी म्हणायची. ती नावाप्रमाणेच होती. बाकावर तिचं बूड म्हणून ठरत नसे, आणि त्यासाठी रोज ओरडा खायची. डांबरावर माझे गट्टू मात्र भराभर झिजत होते, तेही वाकडेतिकडे. दुसऱ्या वर्षी मालकांचं काडी फिरवणं थांबलं. खडे अडकून राहिले. हवा कमी-जास्त झाली तरी कुणी बघेना. चिखलातून पार होतोय ना, मग झालं.

मग तो दिवस आला. पाऊस म्हणावा असा नव्हताच, नुसती भुरभुर होती. वखारीपुढच्या उतारावर एक हातगाडी अचानक आडवी आली आणि मालकांनी ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. मी डांबर धरायला गेलो आणि माझ्या हाताला काही लागेना. खाली पाण्याचा पातळ थर, वर माझे चार झिजके गट्टू, आणि ज्यांचा मला एवढा गर्व होता त्या खाचा. गाडी आडवी फिरली आणि डाव्या अंगाने कठड्यावर आपटली.

भिंगरी शेवटच्या बाकावर, कडेला, बरोबर माझ्या डोक्यावर होती. बसलेली होती. मांडीवर दप्तर होतं. उभ्या माणसाचा भार दोन पायांतून टोचतो, बसलेल्याचा पसरतो. तो पसरलेला भार एकदम उचलला गेला आणि मग माझ्यावर काहीच राहिलं नाही.

ती बाहेर रस्त्यावर आपटली. तिच्या मांडीचं हाड मोडलं.

माणसं जमली. मालक पांढरेफटक पडले होते. कुणीतरी विचारलं, पोरगी पडली कशी? मालक पुटपुटले, “उभी असेल.” तेव्हा तो त्यांचा अंदाज होता, मला वाटतं. पण लोकांनी तो लगेच उचलला. भिंगरीच ती, उभीच असणार. संध्याकाळपर्यंत ‘उभी असेल’चं ‘उभी होती’ झालं. शेजारी बसलेल्या मुलीलाही विचारलं गेलं. ती शेजारची मुलगी म्हणजे वकीलबाई, पण तेव्हा ती अजून वकीलबाई झाली नव्हती. तिने बाबांकडे पाहिलं आणि म्हणाली, मला नाही दिसलं.

चार दिवसांनी भिंगरीचे वडील आमच्या अंगणात आले. मला वाटलं, आता हे मालकांची गचांडी धरणार. त्यांनी हात जोडले. “आमचीच कार्टी वाह्यात. तुम्हाला नसता ताप झाला, माफ करा.” मालकांनी नुसती मान हलवली. मित्रांनो, मी मैलोन्‌मैल चिखल तुडवलाय, पण त्या मान हलवण्याइतकं घाण मला कधी काही वाटलं नाही.

पुढे बाकीच्या पालकांनी ठरवलं, भिंगरी गाडीत नको, स्वतः पडते आणि आमची पोरंही पाडेल. दुसरी गाडी वस्तीत नाही. प्लास्टर निघालं तरी ती घरीच. जरा लंगडते. शाळेचं वर्ष बुडालं. गाडी रोज तिच्या दारावरून जायची आणि दारात ती उभी असायची. हात करायची नाही.

पैजेचा तो प्रश्न अपघातानंतर चार महिन्यांनी आला. आणि त्या ‘उभी होती’ने वकीलबाईचं समाधान झालं नाही. पुढच्या रविवारी माझ्यात खिळा घुसला. मालक पंक्चर काढायला मामांकडे निघाले, तेव्हा ही दोन मैत्रिणींना घेऊन टुणकन गाडीत चढली. दुकानात तिने मामांना सरळच विचारलं, मड टायर ओल्या रस्त्यावर घसरतो का?

मामांनी मालकांकडे पाहिलं. या खेपेला त्यांनी काही गिळलं नाही. त्यांनी मला पाण्यात बुडवलं आणि कोरड्या सिमेंटवरून दाबून फिरवलं. मग मांडणीवरून एक ऑल-टेरेन काढला, त्यालाही भिजवून माझ्या शेजारून फिरवलं. जमिनीवर दोन ओले पट्टे उमटले.

मी माझा ठसा आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. इकडे एक ठिपका, तिकडे एक ठिपका, आणि मध्ये नुसती कोरडी जमीन. त्या मवाळाचा पट्टा मात्र भरलेला होता, बारीक चिरांसकट. मुली उकिडव्या बसून विती टाकून मोजायला लागल्या. एक मैत्रीण म्हणाली, “अगं, हा तर चवड्यांवर चालतो.” दुसरी हसली. वकीलबाई हसली नाही. ती बाबांकडे बघत होती आणि बाबा त्या पट्ट्यांकडे. पट्टे वाळून जाईपर्यंत ते बघत राहिले.

आठवड्याने त्यांनी चारही टायर बदलून ऑल-टेरेन घातले. तोवर आम्ही इतके झिजलो होतो की दुसऱ्या गाडीलाही चढवण्यासारखे नव्हतो. आम्हा चौघांना घरामागच्या भिंतीला टेकवलं. पावसाचं पाणी माझ्या पोटात साचतं, त्यात किडे होतात. इकडे कुणी फिरकत नाही.

मला राग नाही, मित्रांनो. आजही चिखलात मी त्या मवाळापेक्षा सरस आहे आणि ते मी कुणाकडूनही कबूल करून घेईन. पण माणसाने एका वाईट दिवसाला घाबरून रोजची वाट विसरू नये. तुमच्या घरी गाडी असेल तर ती कुठे जास्त चालते, ते मोजून टायर घ्या. घेतल्यावर आम्हाला अधूनमधून वाकून बघा. हवा बघा, खडे काढा, किती झिजलो ते बघा. आम्ही स्वतःहून सांगू शकत नाही. तुम्ही सांगू शकता.

टायर बदलले त्याच संध्याकाळी वकीलबाईची आई इथे दोरीवरचे कपडे काढत होती. मालक हातावरचं वंगण धूत होते. नवे टायर घातले, आता तो विषय घरात नको, असं ते आईला म्हणाले. आईलाही तेच हवं होतं. उगाच उकरून काढलं तर लोक पोरं पाठवायची बंद करतील, मग गाडी कशावर चालायची, असं तिचं म्हणणं. तेवढ्यात वकीलबाई मागच्या दारातून बाहेर आली. तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता, पण अडखळलाही नाही.

“आई, बाबा, मला दिसलं होतं. भिंगरी बसलेली होती आणि मी ‘नाही दिसलं’ म्हणाले. उद्या सकाळी गाडी निघायच्या आधी मी तिच्या घरी जाणार आहे आणि तिच्या आई-बाबांना सगळं सांगणार आहे. बाबा, तुम्ही आलात तर तुमच्याबरोबर जाईन. नाही आलात तर एकटी जाईन.”