मुका संच

नगरपालिकेची आपत्कालीन वायरलेस यंत्रणा नवी करायचं काम भाच्याकडे आलं, तेव्हा सगळ्यांत जास्त मिरवलं ते मामांनी. आईविना पोराला त्यांनीच लहानाचं मोठं केलेलं. "आता आमच्या भाच्याला विचारल्याशिवाय गावात आग लागायची नाही," असं ते ज्याला त्याला सांगत. मामा वरच्या तलावावर राखणदार होते. पाणी चढलं की वायरलेसवरून खाली कळवायचं, हेच त्यांचं काम.

अग्निशमन दल, रुग्णवाहिका, पाणीपुरवठा, सगळीकडे नवे संच पोचले. मामांचा तेवढा राहिला. घरचंच माणूस, रविवारी जाऊ तेव्हा नेऊ, म्हणून भाच्याने तो गाडीच्या डिकीत टाकला. मध्येच नगरपालिकेच्या साहेबांनी घाई केली आणि त्याने जुनी यंत्रणा बंद केली. तलाव त्याच्या ध्यानीमनीही नव्हता.

दुसऱ्याच दिवशी पाणी चढलं. मामा मुक्या संचात ओरडत राहिले. शेवटी स्वतःच खालच्या वस्तीकडे धावत सुटले. माणसं वाचली, पण उतारावर घसरून मामांच्या मांडीचं हाड मोडलं.

दवाखान्यात भाचा पायाशी बसला, तर मामाच ओशाळले. "वय झालं रे. बटणच चुकीचं दाबलं असणार मी. माझ्यामुळे तुझ्या कामाला बट्टा लागला."

साहेबांना हे सोयीचंच होतं. म्हाताऱ्याची चूक म्हणून मिटवून टाकू, असं त्यांनी सुचवलं. भाचा हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. मामा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आपली चूक सांगत, आणि शेजारी बसून ते ऐकताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी मामींच्या देखतच तो बोलला.

"बटण बरोबर होतं, मामा. ऐकणारंच कुणी नव्हतं. जुनं मी बंद केलं, आणि तुमचा नवा संच अजून माझ्या गाडीत पडलाय."

मामी उठून बाहेर गेल्या. मामांनी एवढंच विचारलं,

"साहेबांना सांगितलंस?"

"नाही."

"मग आधी तिकडे जा."

तो गेला. चौकशी लागली, काम हातचं गेलं. तलावावर संच बसवायला दुसराच माणूस आला.

मामा आता काठी घेऊन चालतात. भाचा रोज पाय शेकायला जातो. मामी दार उघडतात, चहा ठेवतात, बोलत मात्र नाहीत. मामा बोलतात, पूर्वीसारखंच, मायेनं. आणि त्याला जास्त लागतं ते तेच.