कौसल्येचा सुळा

वडीगोद्रीचे काकासाहेब लेकीला घेऊन पहिल्यांदा आले, ते सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत. जालन्यात दवाखाना टाकून मला वीस वर्षं होत आली होती. लोकांच्या तोंडात वाकून वाकून मान कायमची आखडली होती आणि उत्साह केव्हाच आटला होता.

"सुळा तेवढा घासून द्या, डॉक्टरसाहेब," काकासाहेब म्हणाले. "चार ठिकाणचे पाव्हणे पाहून गेले. मामाचं गाव विचारत्यात अन् पोरगी बोलायला लागली की दाताकडंच पाहत्यात."

कौसल्या चोवीस वर्षांची, डी.एड. झालेली. वरचा डावा सुळा जरासा पुढे आणि टोकदार होता. दात ठणठणीत. पण लग्नाच्या बाजारात ठणठणीत दाताला कोण विचारतो? मी टोक घासून गोल केलं.

पंधरा दिवसांनी बापलेक पुन्हा हजर. "अजून दिसून राह्यला," काकासाहेब म्हणाले. पुन्हा घासला. होळी झाल्यावर तिसरी खेप.

"दाताचं वरचं कवच एकदा गेलं की परत येत नाही," मी बजावलं.

"थोडाच, साहेब. परतूरचे पाव्हणे येऊन राह्यले. जमण्यासारखं हाय."

बाहेर बाकावर सात पेशंट ताटकळत होते. वाद घालायचा मला कंटाळा आला. मी मशीन हातात घेतली.

"दुखतं का?" मधेच मी विचारलं.

"न्हाई," काकासाहेब म्हणाले.

मे महिन्यात ते चौथ्यांदा आले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. परतूरच्या लोकांनी पोरगी पसंत केली होती. होणाऱ्या सासूनं चारचौघांत तिच्या तोंडात पेढा घातला. गोड सुळ्याला लागलं, कळ थेट मस्तकात गेली आणि कौसल्येनं तो पेढा तोंडातून हातावर काढला. सासू म्हणाली, पोरीच्या मनातच नाही. पाव्हणे उठून गेले. हातातोंडाशी आलेलं स्थळ पेढ्यावर मोडलं.

"समजवायला मी परतूरला गेल्तो," काकासाहेब म्हणाले. "कोण ऐकतंय? आता तुम्ही कळ थांबवा. पण दात बिलकुल लांब व्हायला नको."

मी सुळ्यावर नुसती हवा सोडली, तर तिनं खुर्चीचा दांडा घट्ट धरला. कवच जाऊन आतला पिवळा भाग उघडा पडला होता. हे माझ्याच हातचं काम. मला स्वतःचीच शरम वाटली.

"लेप चढवावा लागेल, तोही जाड," मी म्हणालो. "दात पहिल्यासारखा लांब दिसेल. दोन्ही जमणार नाही."

"मंग नुसती गोळी द्या."

गोळीनं काही होणार नव्हतं. तीन खेपा मी या मुलीच्या तोंडात हात घातला होता, पण विचारत होतो तिच्या बापाला. मी खुर्ची फिरवून तिच्यासमोर बसलो. "तू सांग, बाई. तुला काय पाहिजे?"

तिनं आधी वडलांकडे पाहिलं. मग ओढणीनं तोंड पुसलं.

"दिसू द्या दात, आबा," ती हळूच म्हणाली. "दीड महिना झाला, मी पाणी कोमट करून पिऊन राह्यले. ह्या उन्हात. तुम्हाला बोलले न्हाई."

काकासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते तिच्याकडे पाहत राहिले. मी लेप चढवला. सुळा होता तसा पुढे आला, टोकासकट.

"आता प्यायला चालतंय का?" तिनं विचारलं. मी कोपऱ्यातला माठ दाखवला. ती उठली, ग्लास भरला, ओठाला लावला आणि क्षणभर थांबली. मग घटाघटा संपवला.

काकासाहेब जागचे उठले. तिच्या हातातला ग्लास घेऊन त्यांनी माठातून दुसरा भरला आणि तिच्यापुढे धरला.