अतुलनीय

शाळेत तिला लहानथोर सगळे मावशी म्हणत. विशेष मुलांच्या वर्गात ती कुणाला भरवायची, कुणाचं ओलं बदलायची, कुणाला फिट आली तर त्याला कुशीवर वळवून शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसायची. त्यातला एक गुबगुबीत मुलगा, लाडाचं नाव पैलवान. त्याला उचलून उचलून तिच्या कंबरेचे बारा वाजले होते. आता उपचार तरी करा नाहीतर काम सोडा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि या पगारात उपचार? नाव काढायला नको!

त्या दिवशी ती पैलवानाला भरवत होती. अर्धा घास त्याच्या पोटात, अर्धा तिच्या अंगावर. तेवढ्यात कोट घातलेला एक तरुण सल्लागार आला. शाळांमधल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला बाहेरच्या बाजारात काय मिळतं ते बघून पगार सुधारायचे, म्हणून जिल्ह्याच्या शिक्षण मंडळानं त्याला नेमलं होतं.

"मावशी, तुमच्यासारखं काम बाहेर कोण करतं?"

"माझी जाऊ. हॉस्पिटलात हेच करते. पगार माझ्या दुप्पट."

"ते आरोग्य क्षेत्र झालं. तुमचं शिक्षण क्षेत्र."

"अहो, शाळेत ओलं केलं म्हणून त्याला अत्तराचा वास येतो का?"

तो खो खो हसला आणि पुढच्या वर्गात गेला.

तरी तिला आशा होती. संध्याकाळी जावेला म्हणाली, "बघ, या खेपेला तुझ्या बरोबरीला येते की नाही!"

"तुझ्या तोंडात साखर पडो," जाऊ म्हणाली. "पण कंबर मोडून घेऊ नकोस, बाई."

पुढच्या महिन्यात सगळ्या कर्मचाऱ्यांना बोलावून मंडळाची सभा भरली. बसचालकांना वाढ मिळाली. पहारेकऱ्यांना मिळाली, कारकुनांना मिळाली. मग अध्यक्ष गुच्छ घेऊन उठले. "आणि आपल्या मावशी! काय ती माया, काय तो त्याग! सल्लागारांनी सगळा बाजार पालथा घातला, पण यांच्या कामाला तोड सापडली नाही. यांचं काम अतुलनीय आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तीही लाजून हसली. मग उभी राहून म्हणाली, "साहेब, म्हणजे माझा पगार किती वाढला?"

"अहो मावशी, तुलनाच होत नाही म्हटल्यावर वाढवणार कशाच्या आधारावर?"

वा रे न्याय! बस हाकणाऱ्याची तुलना होते, फाटक राखणाऱ्याची होते. पोटची असावीत तशी दुसऱ्याची पोरं सांभाळणारी तेवढी तुलनेपलीकडची! बाईला आधी मावशी करायचं, आणि मग घरच्या माणसाला कसला आलाय पगार म्हणून हात वर करायचे. गोड बोलून गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि टाळ्या वाजवणाऱ्या त्या शेकडो हातांपैकी एकालाही लाज वाटली नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अध्यक्षांनी पुढे केलेला गुच्छ तिनं परत सरकवला.

"हा तुमच्या मावशीला द्या, साहेब. मी इथे नोकरीला आहे. पगार ठरेपर्यंत मी कामाला हात लावणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि तिच्यासारखंच काम करणाऱ्या आणखी दोघी शाळेच्या पायरीवर बसून राहिल्या. मुख्याध्यापक धावत आले. "अहो, त्या लेकरांची दया येत नाही का तुम्हाला?"

हा घाव वर्मी लागला. तिचे डोळे भरून आले. "येते, सर. म्हणून तर इतकी वर्षं गप्प बसले. तिथेच चुकलं."

तेवढ्यात पैलवानाची आई त्याची चाकाची खुर्ची ढकलत आली. मुख्याध्यापकांचा जीव भांड्यात पडला. "बघा ताई, या अडून बसल्यात. तुम्हीच समजवा यांना."

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग खुर्चीच्या मुठी त्यांच्या हातात दिल्या. "याला आत न्या, सर. वाटेत कपडे खराब झालेत, तेवढे बदला."

"मी? अहो, मला कसं जमेल ते?"

"मग ज्यांना जमतं त्यांना पगार द्या की!" आई म्हणाली आणि पायरीवर तिघींच्या शेजारी येऊन बसली.

मुख्याध्यापकांनी इकडेतिकडे पाहिलं. पैलवान कुरकुरायला लागला होता. शेवटी ते खुर्ची ढकलत आत गेले. थोड्या वेळानं आतून त्यांची रडकुंडीला आलेली हाक ऐकू आली, "अहो, हातमोजे कुठे ठेवलेत?"

"डावीकडच्या कपाटात," ती बसल्या जागेवरून ओरडली. उठली मात्र नाही.