बेचाळिसावा अर्ज

वसंतराव खोपकर निवृत्त झाले आणि तिसऱ्याच महिन्यात नलूताईंच्या स्वयंपाकघरात आवक-जावक रजिस्टर सुरू झालं. डब्यांवर क्रमांक पडले. मोहरी संपली की नलूताईंना ते लेखी कळवावं लागू लागलं. माणसाने चौतीस वर्षं सरकारी कचेरीच्या आवक-जावक टेबलावर काढली होती, तेव्हा एकट्या त्यांना तरी काय बोल लावणार? पण नलूताई मेटाकुटीला आल्या. त्यांची बालमैत्रीण नम्रता परळच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होती आणि तिथल्या गणिताच्या बाईंना मतदारयाद्यांच्या कामाला जुंपलं होतं.

"ह्यांचं बीएस्सी गणितातच झालंय," नलूताई फोनवर म्हणाल्या. "महिनाभर घे गं पदरात."

"एक दिवस बघते. धड झालं तर महिनाभर ठेवते."

वसंतरावांना ते काम हवं होतं. पगाराचं त्यांना काही नव्हतं. पण इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी जायला जागा उरली नव्हती, आणि फणसवाडीच्या नाक्यावर पेपर चाळत बसणाऱ्यांत आपण जमा झालो हे त्यांना फार लागलं होतं.

सातवी ब मध्ये एक्केचाळीस मुलं होती. बदली सर म्हणजे मोकळा तास, हे त्यांना पाठ होतं. वसंतरावांनी फळ्यावर 'पूर्णांक संख्यांचा गुणाकार' असं वळणदार अक्षरात लिहिलं, तोवर मागच्या बाकांवर अंताक्षरी सुरू झालीही होती. तिसऱ्या बाकावरची ऋग्वेदा मात्र उभी राहिली.

"सर, मायनस इनटू मायनस प्लस का होतं?"

होतं हे वसंतरावांना ठाऊक होतं. का होतं, हे गेल्या चाळीस वर्षांत त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांचं डोकं थांबलं आणि जीभ सवयीने चालली.

"लेखी अर्ज द्या."

मागच्या बाकांवरची अंताक्षरी थांबली.

"कसला अर्ज, सर?"

"जे विचारायचंय त्याचा. प्रति, विषय, मजकूर, खाली सही. तोंडी चौकशीला उत्तर मिळणार नाही."

आरडाओरडा करणारे सर मुलांनी पाहिले होते, हे प्रकरण नवीन होतं. एक्केचाळीस वह्यांची पानं टरटरा फाटली. शेवटच्या बाकावरच्या अर्णवने विचारलं, "सर, एका अर्जात दोन विषय चालतील?"

"चालणार नाहीत. विषयाला एक अर्ज."

त्याने दुसरं पान फाडलं. नम्रताबाई व्हरांड्यातून गेल्या तेव्हा आत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. त्या खूश होऊन पुढे गेल्या.

मुलं रांगेने टेबलाशी आली. वसंतरावांनी एकेका अर्जावर क्रमांक घातला आणि कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटलं. ऋग्वेदा काही हलेना.

"पोच द्या ना, सर. माझे आजोबा पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलतच नाहीत."

लेखी काही द्यायचं नाही, या एका नियमावर वसंतरावांची सगळी नोकरी सुखाने झाली होती. पण बोट दाखवायला इथे वर साहेब नव्हता. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'अर्ज मिळाला. उत्तर उद्या. व. गो. खोपकर.' मग बाकीच्यांनीही हात पुढे केले.

शाळा सुटायच्या आधी नम्रताबाईंनी वसंतरावांना वह्यांसकट ऑफिसात बोलावलं आणि वह्या चाळल्या.

"खोपकर, एकसुद्धा गणित झालं नाही. उद्यापासून मी दुसरं कोणी तरी बघते."

"बरोबर आहे," वसंतराव म्हणाले. यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. नलूला काय सांगायचं, एवढंच त्यांच्या मनात आलं.

दाराशी उभ्या असलेल्या लवू शिपायाने हे ऐकलं, म्हणजे पाच मिनिटांत सातवी ब ला कळलं. वसंतराव पिशवी घेऊन निघाले तर दारापासून जिन्यापर्यंत रांग लागलेली. सगळ्यांत पुढे ऋग्वेदा होती. तिने चिठ्ठी बाईंच्या टेबलावर ठेवली.

"बाई, सरांनी लेखी दिलंय. उद्या."

"अगं, पण..."

"आजोबा म्हणतात, पोच असली की माहितीच्या अधिकारात टाकता येतं."

नम्रताबाईंनी रांगेकडे पाहिलं, मग वसंतरावांकडे.

"लेखी द्यायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"चूक झाली," वसंतराव म्हणाले, आणि त्यांना अजिबात वाईट वाटलं नाही.

"उद्या सातला या. आधी यांची उत्तरं द्या. आणि गणितं घ्या, कृपा करून. महिन्याचं मी उद्या बघते."

संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलावर अर्जांचा गठ्ठा उघडून वसंतराव बसले. मायनसचं कारण जुन्या पुस्तकात सापडलं. उरलेल्या अर्जांवर शेरे मारत ते शेवटच्या दोनांपर्यंत आले. दोन्ही अर्णवचे होते. एक्केचाळिसावा होता 'माझ्या डोक्यावरचा पंखा फिरत नसल्याबाबत'. त्यांनी बेचाळिसावा उघडला.

'प्रति, बदली सर. विषय: आपण महिनाभर येण्याबाबत. पंख्याचं मी चौथ्यांदा सांगत आहे. लिहून घेणारे तुम्हीच पहिले. तरी कृपया यावे.'

वसंतरावांनी चष्मा पुसला. जन्मभर अशा कागदावर 'पुढील कार्यवाहीसाठी सादर' एवढंच लिहायची त्यांना मुभा होती. त्याच्या पुढचा शब्द साहेबांचा.

"काय एवढं बघताय त्यात?" नलूताईंनी ओट्यापाशी उभं राहून विचारलं.

त्यांनी पेनचं टोपण काढलं, कोपऱ्यात 'मंजूर' लिहिलं आणि खाली तारखेसकट लफ्फेदार सही ठोकली.