तळाशी बसलेलं औषध

"टाचेला अंगठा चिकटव. हां, आता पुढचं पाऊल," सिस्टर म्हणाल्या.

घड्याळजींची लेक दवाखान्यातल्या फरशीच्या रेघेवरून चालायला लागली आणि तिसऱ्याच पावलाला भिंत धरून उभी राहिली.

"रेघच वाकडी आहे," ती म्हणाली. शब्दही तोंडातून जरा जडच पडत होते.

"रेघ सरळ आहे, तुझे डोळे काय सांगतात ते बघू. इकडे बघ, बोटाकडे." सिस्टरनी बोट हळूहळू बाजूला नेलं. लेकीची बुबुळं त्या टोकाशी पोचून तिथेच थरथरत राहिली.

बाकावर बसलेल्या घड्याळजींना ती थरथर लांबूनही दिसली. चौकातल्या जिन्याखालच्या टीचभर दुकानात घड्याळं दुरुस्त करत उभा जन्म घालवलेला माणूस. घड्याळाचा तोल चुकला की त्यांना आधी डोळ्यांनी कळायचं, मग कानांनी. लेकीचं मात्र काही केल्या कळत नव्हतं. कधी तिला झटका यायचा, हातपाय ताठ होऊन ती धाडकन पडायची. कधी झटक्याचं नावही नाही, पण चाल अशी, की शेजारीपाजारी नको ते बोलतील.

"झटक्यांचं औषध चुकवते ही," ते म्हणाले. "दुसरं काही नाही."

"बाबा!" लेक गर्रकन वळली आणि तिचा पुन्हा तोल गेला. "तुम्हीच तर तोंडात घालता. चुकवीन कशी?"

"गिळल्यासारखं करायचं नि बेसिनमध्ये थुंकायचं. मला काय कळत नाही?"

"सिस्टर, रोज तोंड उघडायला लावतात मला. जीभ वर कर, गाल दाखव. अठरा पूर्ण झाली मला!"

ती लाल झाली होती. दुसऱ्या शहरात रंगांच्या प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम होता, प्रवेश मिळाला होता, वसतिगृहात खाटही मिळाली होती. घड्याळजींनी एकच अट घातली होती: झटके थांबले तर जायचं. आणि गेल्या महिन्यात ती पुन्हा पडली होती.

डॉक्टरीणबाईंनी सकाळीच रक्त तपासायला पाठवलं होतं. रक्तात औषध जास्त झालेलं निघालं. मागच्या खेपेला तेच कमी भरलं होतं, म्हणून त्यांनी मात्रा वाढवली होती. "वाढवलं तरी ते इतकं वर जायला नको," त्या विचारात पडल्या होत्या. "सिस्टर, घरी औषध कसं देतात ते प्रत्यक्ष बघून घ्या बरं."

"काका, बाटली आणलीय ना? मग द्या बघू, घरी देता तसंच," सिस्टर म्हणाल्या.

घड्याळजींनी पिशवीतून लाकडी डबी काढली. आत मऊ गादी, गादीत बाटलीच्या मापाचा खळगा. बाटलीला घड्याळाच्या काचा पुसायच्या पिवळ्या कापडाचा अंगरखा शिवलेला. लेकीला लहानपणापासून गोळी गिळवायची नाही, उलटी व्हायची, म्हणून हे पातळ औषध. त्यांनी बाटली दोन बोटांत धरून उचलली. आतून साधा डुचमळल्याचा आवाजही आला नाही. झाकण काढलं, बिनसुईची सिरिंज आत सोडली, सिरिंजवरच्या रेघेबरोबर औषध ओढलं. केसाचाही फरक नाही.

"वा!" सिस्टर मनापासून म्हणाल्या. "असा हात माझ्या वॉर्डात एकाचाही नाही."

घड्याळजी खुलले. "हिची आई द्यायची तेव्हा नुसता धसमुसळेपणा. बाटली अशी खुळखुळवायची की मला बघवायचं नाही. दोन वर्षं झाली तिला जाऊन. तेव्हापासून माझ्या हातात आहे, एक थेंब इकडचा तिकडे झालेला नाही."

सिस्टरनी पिवळा अंगरखा काढला आणि बाटली खिडकीपाशी धरली. वर पातळ, फिकट पाणी. खाली दाट गाळ, पीठ बसल्यासारखा.

"झटका कधी येतो गं तुला?"

"नवी बाटली काढली की थोड्या दिवसांत," लेक विचार करत म्हणाली. "आणि हे असं झिंगायला होतं ते... बाटली संपत आली की."

"काका, औषध या पाण्यात विरघळत नाही, हलवलं की तेवढं मिसळतं. ठेवून दिलं की तळाशी बसतं. न हलवता दिलं तर सुरुवातीला ते पोटात जातच नाही, आणि शेवटी शेवटी सगळा गाळ जातो. झटका आणि झिंग, दोन्ही एकाच बाटलीतून."

त्यांनी बाटलीवरची बारीक अक्षरं दाखवली: वापरण्यापूर्वी चांगले हलवा. अंगरख्याखाली ती दोन वर्षं झाकून गेली होती.

घड्याळजींनी ती अक्षरं दोनदा वाचली. मग लेकीकडे न बघता म्हणाले, "म्हणजे थुंकत नव्हती ती."

"नाही," सिस्टर म्हणाल्या.

लेक त्यांच्याशेजारी येऊन बसली. तिने खांदा टेकवला.

डॉक्टरीणबाईंनी पुढचा मार्ग सांगितला. सध्याचा डोस त्या स्वतः कमी करतील, नवी बाटली, पुन्हा रक्ततपासणी. घरच्या घरी कुणीही कमीजास्त करायचं नाही, बरं वाटलं म्हणून एकदम बंद तर मुळीच नाही. या औषधाने हिरड्या सुजतात, म्हणून सिस्टरनी त्याही बघितल्या, मऊ ब्रश वापरायला सांगितलं. झटका आला तर वसतिगृहातल्या खोलीतल्या मैत्रिणींनी काय करायचं तेही पढवलं: कुशीवर वळवायचं, तोंडात काही कोंबायचं नाही, किती वेळ चाललं ते बघायचं, लांबलं तर दवाखान्याची गाडी बोलवायची.

"आणि बाटली आता हिच्या हातात," त्या म्हणाल्या. "जायचंय ना तिला? काका, एकदा तुम्ही हलवून दाखवा, मग तिच्याकडे द्या."

घड्याळजींनी बाटली घेतली आणि जेमतेम डोलवली.

"अहो, निजवताय काय तिला? हलवा!"

लेक खदखदून हसली. त्यांनी डोळे मिटले आणि बाटली जोरात हलवली. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. सकाळी स्वयंपाकघरातून यायचा, पाठोपाठ कपाट आपटल्याचा.

पुढच्या दोन्ही तपासण्यांत रक्तातलं औषध जागेवर राहिलं. झटका आला नाही, चालही सरळ झाली. डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं, तेव्हा घड्याळजींनी अट पाळली. डबी मात्र लेकीने नेली नाही. "बाबा, ओझं होतं," म्हणाली.

ती गेल्यावर एका सकाळी दुकान उघडून त्यांनी एक घड्याळ खोलून ठेवलं होतं. हातात पिवळं कापड होतं, शिवण उसवून सरळ केलेलं. फोन वाजला. त्यांनी कानाला लावला. पलीकडून कुणी बोललं नाही, नुसतं खळखळ, खळखळ, चांगलं दांडगाईनं. मग फोन बंद.

"कोण होतं हो?" समोर थांबलेल्या गिऱ्हाइकाने विचारलं.

"लेक."

"काय म्हणाली?"

"घेतलं म्हणाली," घड्याळजी म्हणाले, आणि काच पुसायला लागले.