एक जिना खाली

सुनेने ओले हात पुसले, वही मांडीवर घेतली आणि पेनचं टोपण काढलं. सासरे खिडकीशी बसले होते. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. केसाएवढा स्क्रू बसवतानाही कधी हात हलला नाही. बायको गेली आणि हाताला कापरं भरलं ते भरलंच. डॉक्टर म्हणाले, मनातलं रोज लिहून काढा, दुःख हलकं होईल. आता लिहिणार कोण? सून. दुःख त्यांचं, बोटं हिची.

"लिही. तिच्या आजारपणात मी रात्रीचा दिवस केला."

सुनेने लिहिलं. रात्री उठून सासूबाईंची कूस बदलायची ती हीच. सासरे पलीकडच्या खोलीत घोरत असायचे. पण बायको गेलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? तिलाही सासूबाईंसाठी धाय मोकलून रडायचं होतं. पण भेटायला येणारे सगळे सासऱ्यांचेच डोळे पुसायचे, आणि ही मोरीत त्यांचे कप विसळायची.

"आता पुढचं नीट लिही. थोरला आला की ही वही त्याला देणार आहे. पोरींनाही वाचायला देणार. कळू दे सगळ्यांना."

"काय कळू दे, बाबा?"

"मी खाली दुकानात होतो. एक जिना खाली. वर तिचा जीव जात होता आणि सुनेने मला हाक मारली नाही."

पेन थांबलं.

"लिही की. खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. हाक मारायला ती जिन्यापर्यंत गेली होती. सासूबाईंनीच तिला मागे बोलावलं, मनगट घट्ट धरलं. त्या वाळक्या बोटांत एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"त्यांना नको बोलावूस गं. जन्मभर त्यांची बोलणी ऐकली. जाताना तरी निवांत जाऊ दे."

सुनेच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हे एवढं बोलली असती तर सासऱ्यांची बोलती कायमची बंद झाली असती. तिने मान वर केली. ते थरथरणारा हात दुसऱ्या हाताने दाबून धरत तिच्याकडेच पाहत होते.

"शेवटी माझी आठवण काढली का गं तिने?"

"काढली."

"मग हाक का नाही मारलीस?"

सुनेने मान खाली घातली आणि ते वाक्य सावकाश, गोल अक्षरांत लिहून पूर्ण केलं.

"लिहिलं, बाबा. पुढे?"