तिसऱ्यांदा विचारलं की

कापसाच्या बोळ्याला गाईचा तांबडा रंग लागला, तसा तो थांबला. बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू सॅनिटायझरने पुसायची सवय हाताला इतकी जडली होती, की वर्षभर माळ्यावर पडून असलेला नाताळचा लाकडी गोठाही त्याने पुसायला घेतला होता. गाय एका कुशीला पांढरी पडली.

"बाबा, गाईला काही झालं नव्हतं," टिटवी म्हणाली. त्याची सात वर्षांची मुलगी. दिवसभर तोंड चालू, म्हणून हे नाव पडलेलं. "गोठ्यातलं बाळ आत्याकडे आहे ना? ती आणेल?"

"आणेल की."

हे त्याने अशा सुरात म्हटलं, की भाजी निवडणाऱ्या बायकोने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

गोठा आणि जनावरं त्याच्याकडे, बाळ येशू ताईकडे, ही वाटणी आईच्या मागे दोघांनी न भांडता केली होती. खेळही आईनेच लावून दिलेला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ताईने बाळ रुमालात गुंडाळून दाराबाहेर उभं राहायचं, कडी वाजवून विचारायचं, "जागा आहे का?" आतून त्याने म्हणायचं, "नाही." पुन्हा विचारायचं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा विचारलं की दार उघडायचं. लहानपणी तो "नाही" अशा काही ठसक्यात म्हणायचा, की बाहेर ताईला हसू आवरत नसे. दोघांनी चाळिशी ओलांडली तरी हा खेळ एकदाही चुकला नव्हता.

एप्रिलमध्ये ताई आली ती बॅग घेऊन. आदल्याच महिन्यात गच्चीत उभं राहून नर्सांसाठी टाळ्या वाजवणाऱ्या घरमालकाने, ती नर्स आहे म्हणूनच, तिला दोन तासांत खोली रिकामी करायला लावली होती. तिने कडी वाजवली आणि मास्कमधून, थट्टेच्याच सुरात विचारलं, "जागा आहे का?"

"नाही," तो दार न उघडता म्हणाला.

ती हसली. मग तिने पुन्हा विचारलं.

"खरंच नाही गं, ताई. टिटवीचा दमा माहीत आहे ना तुला."

दम्याचं कारण खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच इतकं सोयीचं. बाहेर बॅगेची चाकं एकेका पायरीवर आपटत जिना उतरून गेली. सुंठीवाचून खोकला गेला, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नाही. पुढे दीड महिना ताई हॉस्पिटलच्या चादरी-पडद्यांच्या कोठीत झोपली, हे कळलं तेही परक्याकडून. फोनकडे रोज हात जायचा आणि रोज उद्यावर जायचं. त्याची त्यालाच लाज वाटत होती, पण नुसत्या लाजेने फोन लागत नाही.

आज मात्र त्याने ठरवून टाकलं होतं. ताई आली तर पहिल्याच हाकेला दार उघडायचं, खेळ गेला खड्ड्यात. आतल्या खोलीत पलंगावर त्याने स्वतः धुतलेली चादर घालून ठेवली होती.

सहाच्या सुमारास कडी वाजली.

टिटवी धावत जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिली.

"आत्या, विचार."

बाहेरून उत्तर आलं नाही.

"बाबा, मग तू नाही म्हण. दोनदा म्हणायचंय."

"यंदा नको."

"असं कसं? आधी नाही म्हणावंच लागतं."

त्याने तिला खांद्याला धरून बाजूला केलं आणि दार उघडलं.

ताई चार पावलं मागे, जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती. वाळली होती. पायपुसण्यावर रुमालाची पुरचुंडी ठेवलेली होती.

"आत ये, ताई," तो म्हणाला. "जागा आहे."

"बाबाने खेळ बिघडवला," टिटवी कुरकुरली. "दोनदा नाही म्हणायचं असतं."

"म्हणून झालंय त्याचं," ताई म्हणाली. "दोन्ही वेळा. एप्रिलमध्येच."

टिटवीने बोटं मोजली.

"मग आता तिसरी वेळ. आत्या, तू फक्त विचार."

तो चौकट धरून वाट पाहत राहिला. तिने हवं तर आधी चार शिव्या घालाव्यात, पण मग विचारावं. ताईने त्याच्याकडे पाहिलं, तेही रागाने नव्हे. वॉर्डाबाहेर थांबलेल्या कुणाच्यातरी नातेवाइकाकडे पाहावं तसं.

"दमा कसा आहे तुझा?" तिने टिटवीला विचारलं.

"बरा आहे."

"पंप जवळ ठेवत जा. मला सातला ड्यूटीवर हजर व्हायचंय."

ती जिना उतरली. या वेळी बॅग नव्हती, त्यामुळे आवाजही झाला नाही.

टिटवी पायपुसण्यापाशी उकिडवी बसली. तिने रुमालाची गाठ सोडली, पण बाळाला हात लावला नाही.

"बाबा, याला आत घ्यायचं का? तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही."

बायको सवयीने सॅनिटायझरची बाटली घेऊन दारात आली. त्याने ती तिच्या हातातून काढून घेतली, आणि मग त्या बाटलीचं काय करावं हे त्याला कळेना.